चेक लाइट लागला म्हणजे सेन्सरच गेला का?

परवा धुळ्याहून जळगावला येत होतो. पारोळा ओलांडलं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, फक्त पिकअप मेला होता. दुसऱ्या दिवशी एका चकाचक सर्व्हिस सेंटरला गेलो. (नाव घेत नाही, विषय एकट्या त्यांचा नाही.) मशीन लावलं, दोन मिनिटांत निकाल: "सर, ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल." कोड कोणता आला? "ते आमच्या सिस्टिममध्ये असतं सर."

गाडी उचलली आणि अजिंठा चौफुलीकडच्या ओळखीच्या मिस्तरीकडे नेली. त्याच्या साध्या स्कॅनरवर कोड आला पी०१७१. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्याने बोनेट उघडलं आणि एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप हाताने दाबला. चिरलेला! आपल्याकडच्या उन्हात रबराचं दुसरं काय होणार भो?

आता गंमत समजून घ्या. आत जाणारी हवा एक सेन्सर मोजतो. त्या मापावर ईसीयू पेट्रोल सोडतं, एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेला ऑक्सिजन बघतो आणि कळवतो. माझ्या गाडीत मोजणी झाल्यानंतरच्या पाइपातून चोरून हवा शिरत होती. सेन्सर ओरडत होता, ऑक्सिजन उरतोय! ईसीयू पेट्रोल वाढवत गेलं, मर्यादा संपली, दिवा लागला. सेन्सरने काम चोख केलं होतं. आणि बदलायला निघाले त्यालाच! फिर्याद घेऊन आलेल्यालाच आत टाकायचं, तसला प्रकार.

आपल्यातलेही काही शहाणे कमी नाहीत. दिवा नको म्हणून वायरच काढून देतात, गिऱ्हाईकही खूश. मग अ‍ॅव्हरेज का पडला म्हणून पेट्रोलपंपाला शिव्या.

पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, २०२३ पासून नियम आणखी कडक झाले. सेन्सर राहणारच, राहायलाही हवेत. मग त्यांची भाषा कुलपात का? साध्या स्कॅनरला धुराशी संबंधित ठरावीक कोड वाचता येतात. कंपनीचे खास कोड वाचायला, नव्या इंजेक्टरची नोंद करायला बऱ्याचदा कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. छान. पण चौफुलीवरच्या पोराच्या हातात त्यातून काय पडलं?

माझा पाइप बदलला, दिवा गेला. बिल तीन आकडी.

पुढच्या वेळी दिवा लागला तर कोड जॉबकार्डवर लिहून मागा. आणि ज्यांनी सेन्सर बदलूनही दिवा परत लागला, त्यांनी बिलं खाली टाका. नाव-नंबर झाकून.