शाहजोग नसलेले इशारे

सन 2002 मध्ये जगभरातील अनेक कार्यालयांत आणि घरांत एक ई-पत्र फिरू लागले. 'तुमच्या संगणकात जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल लपलेली आहे. तिच्यावर चिमुकल्या अस्वलाचे चित्र आहे. विषाणूरोधक प्रणालीला ती सापडत नाही. ती त्वरित पुसून टाका आणि ओळखीच्या सर्वांना कळवा,' असा त्याचा आशय होता. लोकांनी संगणक धुंडाळले. फाइल सापडली आणि तिच्यावर अस्वलही होते! ते असणारच होते, कारण ती फाइल विंडोज प्रणालीबरोबर मायक्रोसॉफ्टनेच दिलेली होती. विषाणू मुळात नव्हताच. आदल्या वर्षी 'सल्फएनबीके' या फाइलीबाबत हेच घडले होते. लांब नावांच्या फाइली पूर्ववत करणारे ते एक निरुपद्रवी साधन. 1 जून 2001 रोजी ते संगणकाचा घात करणार, असे पत्र सांगत होते. चोराला दार तोडावे लागले नाही. घरधन्यानेच आपली वस्तू उचलून उकिरड्यावर टाकली.

या परंपरेचा आरंभ 1994 च्या अखेरीस 'गुड टाइम्स' या पत्राने झाला, असे मानले जाते. त्या शीर्षकाचे पत्र नुसते वाचले तरी संगणकातील सर्व माहिती नष्ट होईल, असा तो इशारा होता. त्या काळच्या साध्या मजकुराच्या पत्रात असे सामर्थ्य नव्हते. मात्र इशारा स्वतः वर्षानुवर्षे जिवंत राहिला. विषाणूला जे जमते, म्हणजे एकातून दुसऱ्यात शिरणे, ते या पत्राने माणसांच्या हातून करून घेतले.

खरा विषाणू कसा आला, तेही पाहावे. 4 मे 2000 रोजी 'आय लव्ह यू' या शीर्षकाची पत्रे जगभर पोहोचली. पाठवणारा ओळखीचा, सोबत एक जोडपत्र, आणि इशारा कसलाच नाही. उघडणाऱ्याच्या संगणकातील पत्त्यांच्या यादीवर तो स्वतःच पुढे गेला. त्या सुमारास आमच्या शाखेत संगणक नवे होते. त्यांच्याकडे पाहताना आम्हा अधिकाऱ्यांच्या मनात आदर आणि धास्ती यांचे प्रमाण निम्मे-निम्मे असे. अज्ञात यंत्राबद्दलची धास्ती हेच अशा पत्रांचे खतपाणी.

आता ई-पत्राची जागा व्हॉट्सअ‍ॅपने घेतली, पण मजकूर तोच राहिला. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांना ग्रासले. ते संकट खरे होते. विंडोजमधील ज्या उणिवेतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. परंतु आपल्याकडे त्याहून वेगाने संदेश पसरला तो असा की, दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार, आणि 'डान्स ऑफ द हिलरी' नावाची चित्रफीत उघडल्यास मोबाइल पुसला जाणार. ही हिलरी नृत्य करताना आजवर कोणालाही दिसलेली नाही. तरीही मे 2025 मध्ये, सीमेवर तणाव असताना, ती पुन्हा अवतरली, आणि एटीएम बंद होण्याची वार्ताही तिच्यासोबत आली. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला ती वार्ता खोटी असल्याचे जाहीर करावे लागले. जरीपटक्यात त्या दिवसांत ओळखीच्या एका दुकानदाराने मला विचारले, "साहेब, गल्ल्यासाठी रोकड आजच काढून ठेवू का?" प्रश्न साधा होता. पण प्रत्येक दुकानदाराने त्याचे उत्तर 'हो' असे दिले, तर एटीएम विषाणूविनाच रिकामे होईल. अफवा अशी स्वतःला खरी करून घेते.

आपल्या वाडवडिलांची हुंडी मला अशा वेळी आठवते. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यायची, असा दंडक होता. पुढे हुंडी खोटी निघाली, तर रक्कम घेणारा शाह ती परत करण्यास बांधील असे. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातही पाठीमागे सही करून दस्तऐवज पुढे देणारा सामान्यतः जबाबदारीतून सुटत नाही. हातोहात फिरणाऱ्या कागदाला किंमत येते ती या सह्यांमुळे. व्हॉट्सअ‍ॅपवरील इशारा चाळीस हातांतून येतो आणि त्यावर सही एकाचीही नसते. 'आलेले पुढे पाठवले' हे शब्द ऐकले, की माझ्यातला जुना बँकवाला अस्वस्थ होतो. कोऱ्या धनादेशाच्या बाबतीत जी व्यक्ती दहा वेळा विचार करते, तीच येथे क्षणात अंगठा टेकवते.

शिवाय खऱ्या घातापूर्वी असा संदेश फिरत नाही. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घातक प्रणाली घुसवण्यात आली होती. बनावट कार्डांनी 28 देशांतून रोकड काढली गेली, भारतातूनही काढली गेली. आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगकडे वळवले गेले. त्या शनिवारी कोणत्याही कुटुंबसमूहात 'सावधान' असे लिहून आले नव्हते.

व्यापाऱ्याला या प्रकारांची झळ रोज लागते. दहा रुपयांचे नाणे बंद झाले, ही अफवा घ्या. रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजी पत्रक काढून सांगितले की, चौदा वेगवेगळ्या रचनांची नाणी काढलेली असून ती सर्व वैध आहेत. तरीही पुढे कित्येक दिवस गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांची नाणी नाकारत राहिले. येथे नुकसान वादावादीचे. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून जगणारी माणसे ती. त्यांच्यापर्यंत अफवा पोहोचवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो संदेश काळजीपोटीच पुढे पाठवला असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. काळजी हा गुण आहे म्हणून तिला हिशेब नको, असे मला वाटत नाही.

हे इशारे ओळखणे अवघड नाही. त्यांत 'आज सकाळी' असते, पण तारीख नसते. मोठ्या संस्थेचे नाव असते, पण तिच्या पत्रकाचा पत्ता नसतो. उपाय नसतो, घाई मात्र भरपूर असते. उलट खरा धोका गोड रूपात येतो. अलीकडे लग्नपत्रिका म्हणून एपीके प्रकारची फाइल पाठवली जाते. तशी पत्रिका आली तर उघडू नये, आधी यजमानांना फोन करावा. पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले, तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

उरतो घरातला प्रश्न. सकाळच्या 'जय जिनेंद्र'पाठोपाठ असा इशारा बहुधा ज्येष्ठांकडून येतो. आत्याबाईंना किंवा मोठ्या काकांना साठ जणांसमोर 'हे खोटे आहे' असे सुनांनी, नातवंडांनी कसे सांगावे? मी समूहात उत्तर देत नाही. दुपारची विश्रांती झाल्यावर फोन करतो, प्रकृतीची चौकशी करतो आणि मग विषय काढतो. त्यांनी संदेश स्वतः मागे घेतला, तर कोणाचाच मान जात नाही. आमच्याकडील एक ज्येष्ठ आता पुढे पाठवण्याआधी मलाच विचारतात. कधी कधी रात्री साडेदहालाही विचारतात.