ॲक्सोलॉटल आणि वनस्पतींची टाकी

कुंभकोणमजवळचे नाचियार्कोविल् हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. कावेरीकाठच्या बारीक मातीचे साचे करून तेथील कारागीर ‘कुत्तुविळक्कु’ या नावाची उभी समई ओततात. अशा गावाच्या संदर्भात मेक्सिकोतील एका उभयचर प्राण्याची चर्चा कशाला, असे वाचकांस वाटेल. परंतु ॲक्सोलॉटल हा प्राणी आता आपल्या देशातही हौसेने पाळला जातो, आणि मुलांच्या हट्टापायी तो उद्या तेथील एखाद्या घरी येणे अशक्य नाही. समजा, त्या घरी पाणवनस्पतींनी भरलेली काचेची टाकी पूर्वीपासून आहे. ती हिरवळ पाहून घरच्या मंडळींस वाटते, या प्राण्यास याहून चांगले घर कोणते? माझे उत्तर नकाराचे आहे. मात्र त्या नकाराचे मुख्य कारण वनस्पती नव्हेत.

ॲक्सोलॉटलचे मूळ स्थान म्हणजे मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील सोचिमिल्कोचे सरोवर व कालवे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरचे हे पाणी थंड असते. बेडकाचे पिल्लू मोठे होताच कल्ले टाकून जमिनीवर येते. ॲक्सोलॉटल मात्र प्रौढ झाल्यावरही बाहेर डोलणारे पिसासारखे कल्ले तसेच ठेवून जन्मभर पाण्यात राहतो. १८६४ साली ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेण्यात आले. त्यांतील काही ओग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले, आणि तेव्हापासून प्रयोगशाळांतून त्यांची पैदास अखंड चालू आहे. तुटलेला पाय पुन्हा वाढविण्याची त्याची शक्ती हे या आस्थेचे मोठे कारण होय. इकडे सोचिमिल्कोत मात्र १९९८ साली एका चौरस किलोमीटरात सुमारे ६,००० प्राणी आढळत, तेथे २०१४ साली सुमारे ३६ उरले.

आता वनस्पतींकडे वळू. सोचिमिल्कोच्या कालव्यांत पाणवनस्पती होत्याच. मादी आपली अंडी त्यांच्याच पानांना चिकटविते. या प्राण्यास पापण्या नसतात, त्यामुळे प्रखर उजेड त्याला टाळावासा वाटतो, आणि पानांची सावली त्याला मानवते. वनस्पती पाण्यातील अमोनियाही काही प्रमाणात शोषून घेतात. याउलट, प्रयोगशाळांतील साध्या, उघड्या भांड्यांतही हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या जगला आहे. तेव्हा वनस्पती त्याला उपकारक आहेत, पण अपरिहार्य नाहीत, इतकेच म्हणता येईल.

अडचण येते ती हौशी लोक ज्याला वनस्पतींची टाकी म्हणतात तिची. तिची सारी रचना वनस्पतींच्या सोयीची असते. दिवे झगझगीत, तळाला खडी, पाण्यात खते, वर कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा. ॲक्सोलॉटल भक्ष्य पकडताना तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्याबरोबर खडाही गिळला जातो, आणि आतडे तुंबून प्राणी मरू शकतो. म्हणून तळ एक तर मोकळा ठेवावा, नाही तर वाळू अगदी बारीक असावी. मुळे रोवलेली रोपे तो हिंडताना उपटून टाकतो. त्याऐवजी जावा फर्न किंवा ॲन्यूबियास दगडास बांधून ठेवणे बरे. या वनस्पती मंद उजेडात तग धरतात. परंतु येथेच एक पेच आहे, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मंद उजेडात, थंड पाण्यात वनस्पती सावकाश वाढतात, आणि सावकाश वाढणारी वनस्पती घाणही सावकाशच शोषते. वीतभर लांबीच्या मांसाहारी प्राण्याची विष्ठा तिच्या भरवशावर सोडून चालत नाही. गाळणयंत्र आणि नियमाने पाणी बदलणे या दोन्ही गोष्टी कराव्याच लागतात.

हे सर्व साधले तरी खरा प्रश्न उष्णतेचा आहे. या प्राण्यास १६ ते १८ अंश सेल्सिअस उष्णमान मानवते. २४ अंशांच्या वर ते फार काळ राहिले तर अन्न सुटते, रोग जडतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मे महिन्यात पारा ३५ अंशांच्या वर चढतो, आणि हिवाळ्यातल्या रात्रीही तो २० च्या खाली क्वचितच जातो. शिवाय १८ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात केवळ ७.५, आणि रात्री वनस्पतीही त्यातलाच वापरतात. आपल्याकडे देशावर उन्हाळ्यात माठातले पाणी छान गार होते, कारण हवा कोरडी असते. समुद्राजवळच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, म्हणून टाकीवर पंखा सोडूनही पाणी दोन-तीन अंशांपलीकडे उतरत नाही. बर्फाच्या बाटल्यांनी उष्णमान वरखाली होत राहते, तोही त्रासच. उरते ते पाणी थंड करणारे यंत्र, तेही अहोरात्र चालणारे. ते घेण्याची व वीज गेल्यास पर्यायी सोय करण्याची तयारी नसेल, तर टाकीत कोणती रोपे लावावीत ही चर्चाच व्यर्थ आहे.

नाचियार्कोविल्‌पुरते आणखी एक सांगितले पाहिजे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. आणि तांबे उभयचरांच्या नाजूक त्वचेस व कल्ल्यांस विषारी ठरते. ओतशाळेच्या अंगणातील वाळू कितीही बारीक आणि सुबक दिसली, तरी ती टाकीत घालू नये, पितळी घंगाळात तर हा प्राणी क्षणभरही ठेवू नये. गोगलगायी मारण्याची काही औषधेही तांब्याचीच असतात. भाताच्या खाचरांतून उपटून आणलेल्या वनस्पतींबरोबर जळवा आणि कीटकनाशकांचा अंश येऊ शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ॲक्सोलॉटलचे नाव आहे, आणि २०२२ साली दुरुस्त झालेल्या भारतीय वन्यजीव कायद्याने अशा परिशिष्टांतील जिवंत प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली आहे. खरेदीपूर्वी त्याची चौकशी करावी.

त्या घरची टाकी मात्र मोडण्याचे कारण नाही. दक्षिण भारताच्या पाण्यातच वाढणारा केशरी क्रोमाइड हा बोटभर मासा उबदार पाण्यात सुखाने राहतो, आणि तो आल्यास त्या मुलांना यंत्राची घरघर न ऐकता रोज संध्याकाळी टाकीपुढे बसता येईल.