नळीतले भविष्य, घरातले विस्मरण

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घराघरांत इतकी मुरली आहे की, वृद्धाचे विसरणे हा आजार असू शकतो हेच अनेकांच्या ध्यानी येत नाही. मुक्ताईनगरसारख्या तालुक्याच्या गावी आजोबा केळीच्या बागेकडे जाणारी, चाळीस वर्षे तुडवलेली वाट चुकतात, आजी नातवाला धाकट्या दिराच्या नावाने हाक मारते आणि घरचे म्हणतात, 'वय झाले.' वैद्याकडे कोणी नेत नाही. याच घरातला, पुण्यात किंवा अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा मात्र एके दिवशी घरपोच आलेल्या पेटीतील नळीत थुंकतो, ती टपालाने परत धाडतो आणि काही आठवड्यांनी मोबाईलच्या पडद्यावर वाचतो की, त्याला अल्झायमर होण्याचा धोका इतरांहून अधिक आहे. ज्याला आजार आहे त्याची तपासणी नाही आणि जो धडधाकट आहे त्याच्या हाती भीतीचे प्रमाणपत्र!

या प्रमाणपत्राचे मोल काय? एकोणिसाव्या गुणसूत्रावरील 'एपीओई' या जनुकाच्या 'ई-4' प्रकाराचा उतारवयातील अल्झायमरशी असलेला संबंध 1993 मध्ये उघड झाला. युरोपीय वंशाच्या लोकांत या प्रकाराची एक प्रत असेल तर धोका सुमारे तिप्पट आणि दोन असतील तर आठ ते बारा पट, असे साधारणतः सांगितले जाते. परंतु धोका म्हणजे निदान नव्हे. हा प्रकार अंगी असूनही अखेरपर्यंत शाबूत बुद्धीने जगणारे असंख्य आहेत आणि एकही प्रत नसताना स्मृती गमावणारेही तितकेच खरे. डीएनएच्या रचनेचा उलगडा करणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच 2007 मध्ये त्यांच्या हाती देण्यात आला, तेव्हा त्यांनी एवढ्याच एका जनुकाची माहिती आपल्याला सांगू नये, अशी अट घातली होती. त्यांच्या आजीला हा आजार झाला होता. या शास्त्राच्या आद्यपुरुषाने जे पाहण्याचे नाकारले, ते आज बाजार कोणाही गिऱ्हाइकाला पेटीत घालून विकतो आहे.

काळाची चाहूल आधी लागावी, हा मोह जुनाच. मुक्ताईनगरजवळ, तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव ज्या योग्याचे नाव सांगते, त्याने योगबळाने काळाला चुकवत चौदाशे वर्षे काढली, अशी आख्यायिका आहे. अखेर त्याला गुरू लाभली ती कोवळ्या वयाची मुक्ताबाई. त्या योग्याजवळ निदान काळ चुकवण्याचे बळ तरी होते. पेटी विकणाऱ्याकडे तेही नाही. निरोगी माणसाला हा आजार होऊ नये म्हणून देता येईल असे सिद्ध औषध आजही उपलब्ध नाही.

पेटीचा इतिहासही बोलका आहे. 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकी कंपनीला तेथील औषध नियामकाने 2013 मध्ये आरोग्य-अहवाल विकण्यापासून रोखले. 2017 मध्ये त्याच नियामकाने अल्झायमरसह दहा आजारांच्या अहवालांना परवानगी दिली. 2023 मध्ये चोरट्यांनी या कंपनीच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती लांबवली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दीड कोटी माणसांच्या कुळांची नोंद लिलावाच्या मालमत्तेत जमा झाली! ती शेवटी कंपनीच्याच संस्थापिकेच्या ना-नफा संस्थेने विकत घेतली, हा योगायोग. चोरीला गेलेला परवलीचा शब्द बदलता येतो. जनुके कशी बदलणार?

'स्वतःविषयीचे ज्ञान हा प्रत्येकाचा अधिकार आहे; घाबरण्याचे कारण काय?' असा प्रतिवाद केला जातो. त्याला आधार म्हणून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला देतात. 'ई-4' असल्याचे कळल्यावर सहभागी लोक फारसे खचले नाहीत, असे त्यात आढळले, हे खरेच आहे. मात्र त्या लोकांना समुपदेशकाने समोर बसवून समजावले होते आणि तीव्र नैराश्य वा चिंता असलेल्यांना आधीच वगळले होते. रात्री अकरा वाजता एकट्याने पडदा उघडणाऱ्याला हा दाखला कसा लागू पडावा?

त्याहून मोठी मेख पुढे आहे. हे ज्ञान एकट्याचे नसतेच. एखाद्यात 'ई-4'च्या दोन प्रती निघाल्या, की त्याच्या आई आणि वडील दोघांकडेही किमान एक आहे, आणि त्याच्या प्रत्येक अपत्याला एक मिळणारच, हे त्याच क्षणी ठरते. थुंकला एक, निकाल तीन पिढ्यांचा लागला. त्यांची संमती कोणी घेतली? खान्देशात विवाहसंबंध ठरवताना घराणे, गोतावळा, पत्रिका सारे पाहिले जाते. त्यात उद्या हा कागद मागितला जाणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे! तंत्रज्ञान समाजाच्या दुबळ्या जागीच नेमके बोट ठेवते, याचा अनुभव या जिल्ह्याने घेतला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि केंद्राने 1994 मध्ये कायदा करूनही, 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली साडेआठशेहूनही कमी भरल्या. जनुकांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध तर आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. अमेरिकेने तो 2008 मध्ये केला, पण आयुर्विमा त्यातून वगळला.

आणि मोजपट्टी कोणाची? हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण अमेरिकेतील तुलनेच्या भागापेक्षा पुष्कळ कमी आढळले होते. भारतीयांच्या दहा हजार जनुकसंचांची माहिती संशोधकांना खुली झाली ती जानेवारी 2025 मध्ये. आपल्या लोकांचे आकडे आत्ता कोठे हाती येत असताना परक्या आकड्यांवर आपल्या म्हातारपणाचे भाकीत विकत घेणे, याला विज्ञाननिष्ठा म्हणता येत नाही.

ही तपासणी सर्वथा त्याज्य आहे असे नव्हे. अल्झायमरवरील नव्या प्रतिपिंड औषधांपूर्वी मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका जोखण्यासाठी डॉक्टर ती करवतात. ज्या मोजक्या घराण्यांत हा आजार ऐन चाळिशी-पन्नाशीत उतरतो, त्यांच्यासाठी वेगळ्या जनुकांच्या चाचण्या आहेत. त्यांची जागा रुग्णालयात, समुपदेशकाच्या साक्षीने. टपालाच्या पेटीत नव्हे. वैद्यकीय चिठ्ठीवाचून ही विक्री होऊ नये, असा नियम शासनाने करावयास हवा.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. 'लॅन्सेट' आयोगाने 2024 मध्ये चौदा टाळण्याजोगी कारणे सांगितली आणि ती दूर केल्यास जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज मांडला. त्यांत उच्च रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपणा आहे, बहिरेपणही आहे. पेटीच्या पैशांत आईच्या कानांची तपासणी होते, रक्तदाबाची गोळीही येते. तिला ऐकू येत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक असते. दूरचित्रवाणीचा आवाज तेवढा वाढवून दिला जातो.