धुराची अक्षरे आणि एका शब्दाची शिस्त

१/ आकाशात काहीही उमटले की त्याला 'स्कायरायटिंग' म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्याला जडली आहे. ड्रोनच्या दिव्यांची आकृती, विमानामागे फडफडणारा कापडी फलक, संचलनातला तिरंगी धूर, सगळ्यांना एकच शब्द. इतिहासाच्या अभ्यासकाला ही सैलता परवडणारी नाही, असे माझे मत आहे. त्याची कारणे या थ्रेडमध्ये मांडते.

२/ आधी अर्थ पाहू. विमानाच्या तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पॅराफिन जातीचे तेल सोडतात. त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे दाट पांढरे धुके बनते. वैमानिक झडप उघडत-मिटत, विमान वळवत एकेक अक्षर काढतो. ते खालून वाचता यावे लागते, म्हणजे वरून पाहता उलटे. वारा वाढला की मजकूर विस्कटतो.

३/ हे तंत्र रूढ केले इंग्लंडच्या मेजर जॅक सॅव्हेज यांनी. पहिले महायुद्ध संपल्यावर त्यांनी एस.ई.५ए ही लढाऊ विमाने घेऊन त्यांच्या एक्झॉस्टच्या नळ्या शेपटीपर्यंत लांबवल्या. मे १९२२ मध्ये एप्सम येथील डर्बी शर्यतीच्या वेळी कॅप्टन सिरिल टर्नर यांनी जमलेल्या गर्दीच्या डोक्यावर एका वृत्तपत्राचे नाव लिहिले : 'डेली मेल'. युद्धाचे यंत्र चार वर्षांच्या आत जाहिरातीच्या कामाला लागले होते.

४/ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टर्नर न्यूयॉर्कवर उडाले. तेथे त्यांनी अमेरिकेला नमस्कार लिहिला आणि मग एका हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक : व्हँडरबिल्ट ७२००. तीन तासांच्या आत ४७,००० दूरध्वनी आले, असे तेव्हापासून सांगितले जाते. हिशेब करून पाहा. मिनिटाला अडीचशेहून अधिक! लोकांनी दूरध्वनी केले, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र असा आकडा सर्वाधिक कोणाच्या सोयीचा होता, हा प्रश्न विचारायलाच हवा. हे तंत्र विकणाऱ्यांना याहून चांगली जाहिरात कोणती मिळाली असती? पुढे लकी स्ट्राइक सिगारेट आणि पेप्सी-कोला यांनी याच धुरावर पैसा ओतला.

५/ माझा पहिला मुद्दा साधनांचा. शिलालेख झिजतो, ताम्रपट गंजतो, कागदाला वाळवी लागते. तरीही मूळ वस्तूचा काही अंश हाती येतो. धुराने लिहिलेला मजकूर काही मिनिटांत नाहीसा होतो. आपल्याला मिळते ते छायाचित्र, बातमी किंवा कोणाची तरी आठवण. म्हणजे येथे मूळ लेख कधीच उपलब्ध नसतो, फक्त साक्षी उपलब्ध असतात. कापडी फलक संग्रहालयात ठेवता येतो. ड्रोनच्या खेळाची संगणकीय आज्ञावली जपता येते. तिन्हींना एकच नाव दिले की साधनांमधला हा फरक पुसला जातो.

६/ साक्षी कशा असतात, हे व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२५ च्या 'मिसेस डॅलोवे' या कादंबरीत अचूक टिपले आहे. लंडनवर एक विमान धुराने काहीतरी लिहीत आहे, सारे रस्ते मान वर करून पाहत आहेत, आणि प्रत्येकाला निराळेच वाचता येत आहे. युद्धातून मन मोडून परतलेल्या सेप्टिमसला तर तो आपल्यालाच दिलेला संकेत वाटतो. एप्समच्या त्या उड्डाणाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

७/ दुसरा मुद्दा कायद्याचा. वर्तमानपत्र मिटता येते, भिंतीवरच्या जाहिरातीकडे पाठ फिरवता येते. आकाशाचे काय करावे? ब्रिटिश संसदेने १९३२ मध्ये या विषयासाठी निवड समिती नेमली होती. १९६० च्या कायद्याने हवाई जाहिरातीवर बंदी आली. पुढे विमानाने फलक ओढून नेण्यास मुभा मिळाली, पण धुराने लिहिण्यावरची बंदी २०२० मध्ये उठली. जो भेद कायद्याने काटेकोरपणे पाळला, तोच आपण आपल्या लेखनात मोडून टाकायचा का?

८/ या व्याख्येची कसोटी पाहणारे उदाहरणही द्यायला हवे. जून १९८२ मध्ये चिलीचे कवी राउल झुरिता यांनी न्यूयॉर्कच्या आकाशात स्पॅनिशमध्ये पंधरा ओळी उमटवल्या. त्यांच्या मायदेशी तेव्हा पिनोशेची हुकूमशाही होती. मात्र हे लेखन एका वैमानिकाच्या हातचे नव्हते. पाच विमाने समांतर उडत होती आणि ठरलेल्या क्षणी धुराचे ठिपके सोडत होती. या पद्धतीला 'स्कायटायपिंग' असे वेगळे नाव आहे. हस्तलिखित आणि मुद्रित यांत आपण भेद करतो, तसाच हाही भेद.

९/ आता आक्षेप. शब्द कालांतराने पसरतातच, मग त्रागा कशाला? 'आकाशवाणी' हाच शब्द घ्या. देवकीच्या आठव्या पुत्राविषयी कंसाला बजावणारी ती अशरीर वाणी. १९३५ मध्ये म्हैसूरच्या रेडिओ केंद्राने हे नाव घेतले आणि पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीचे झाले. कोणाचे काही बिघडले का?

१०/ आक्षेप योग्य आहे, म्हणूनच उत्तर देते. 'आकाशवाणी'चे दोन अर्थ एकमेकांपासून इतके दूर आहेत की गोंधळ संभवत नाही. पुराण वाचताना कोणाला रेडिओ आठवत नाही. 'स्कायरायटिंग'चे ताणलेले अर्थ मात्र एकमेकांना खेटून उभे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत 'बीटिंग रिट्रीट'च्या वेळी हजार ड्रोन उडाले. उद्या एखाद्या लेखात त्याला 'स्कायरायटिंग' म्हटलेले असेल, तर परवाचा वाचक तेथे धूर आणि वैमानिक शोधत बसेल.

११/ म्हणून माझी सूचना अशी : मराठीत 'आकाशलेखन' हा व्यापक शब्द ठेवावा. त्यात फलक, दिवे, ठिपके, सारे सामावेल. विमानाच्या धुराने अक्षर काढण्याला मात्र 'धूम्रलेखन' म्हणावे. प्रजासत्ताकदिनी विमाने सोडतात तो तिरंगी धूर यांपैकी कशातच बसत नाही, कारण त्यात अक्षरच नाही.

१२/ शब्द पटला नाही तर दुसरा सुचवा, मी आनंदाने वापरीन. पण यापुढे आकाशातल्या अक्षरांचे जुने छायाचित्र पुढे पाठवण्याआधी एवढे जरूर पाहा : तो धूर आहे की कापड? विमान एक की पाच? पैसे कोणी दिले? आणि खाली उभ्या असलेल्यांनी नेमके काय वाचले, हे आपल्याला कोणाकडून कळले?