१ टीबीची हार्ड डिस्क, पण कॉम्प्युटरवर दिसतात ९३१ जीबी! उरलेली जागा जाते कुठे?

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ ठेवायला १ टीबीची नवी हार्ड डिस्क आणली. विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडली, तर कोरी डिस्क दाखवते ९३१ जीबी. ‘दुकानदाराने फसवलं’ हा पहिला विचार. पण यात सहसा फसवणूक नसते, मोजायच्या दोन पद्धती असतात.

नेमका हिशेब काय?

डिस्क बनवणाऱ्या कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात. १,००० बाइट म्हणजे १ केबी, १,००० केबी म्हणजे १ एमबी. या हिशेबाने १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट.

विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजतं, कारण कॉम्प्युटरचं गणित दोनच्या पटीत चालतं. त्यामुळे विंडोजचा १ जीबी होतो १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. १ लाख कोटीला या आकड्याने भागलं की उत्तर येतं ९३१. म्हणजे डिस्कवरचा एकही बाइट कमी झालेला नसतो.

एकक मोठं होतं तसा फरकही वाढतो. केबीमध्ये तो २.४ टक्के, जीबीमध्ये ७.४ टक्के, तर टीबीमध्ये जवळपास १० टक्के.

फोनमध्ये जागा कमी दिसण्याचं मोठं कारण वेगळं आहे. तिथे सिस्टीम आणि आधीच टाकलेली अ‍ॅप्स जागा व्यापतात.

मग वेगळी नावं का नाहीत?

नावं आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने १९९८ मध्ये १,०२४ च्या हिशेबासाठी किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट ही नावं ठरवली. विंडोज मोजतं गिबीबाइट, पण लिहितं जीबी. गोंधळ इथेच होतो. अ‍ॅपलने २००९ पासून मॅकमध्ये हजाराचा हिशेब घेतला. तीच डिस्क मॅकला जोडली तर १ टीबी दिसते.

हा वाद अमेरिकेत कोर्टातही गेला होता. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ मध्ये तडजोड करून ग्राहकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर मोफत देऊ केलं.

खरी फसवणूक कशी ओळखायची?

अगदी स्वस्तात मिळणाऱ्या ‘२ टीबी’ पेन ड्राइव्हपासून सावध राहा. बनावट ड्राइव्हमध्ये आतली चिप खोटा आकडा सांगते. आकडा स्क्रीनवर नीट दिसतो, फाइल कॉपीही होतात, पण खरी जागा संपल्यावर टाकलेल्या फाइल नंतर उघडतच नाहीत. म्हणून नवा ड्राइव्ह आधी पूर्ण भरून पाहा, शेवटच्या फाइल उघडून तपासा आणि मगच मूळ फोटो डिलीट करा. बिलही जपून ठेवा.