वजन कमी करायचं, पण ‘हे खाऊ नका’ ऐकून काही बदलत का नाही?

मार्च 2025 मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून वजनाची चर्चा औषधांभोवतीच फिरते आहे. पण इंजेक्शन थांबवल्यावर काय? सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यानंतर वर्षभरात, कमी झालेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे सवयींचा प्रश्न सुटलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 24 टक्के महिला आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. त्यांना काय खाऊ नये हे माहीत नाही, असं क्वचितच असतं.

मग अडतं कुठे?

‘भात सोडा’ म्हटलं की माणूस लगेच बचाव करतो: ‘घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होतो.’ समोरचा जितका जोर लावेल, तितकी न बदलण्याची कारणं आपण जास्त मांडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूचं व्यसन असलेल्यांबरोबर काम करताना हेच मांडलं. पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत विकसित केली. तिचं नाव मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे प्रेरणा जागवणारं समुपदेशन.

यात नेमकं काय करतात?

इथे समुपदेशक सांगतो कमी, विचारतो जास्त. समजा, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची एक महिला आली आहे.

‘0 ते 10 मध्ये, आहार बदलणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’
‘4.’
‘4 का? 2 का नाही?’

खरी मेख या प्रश्नात आहे. ‘8 का नाही?’ विचारलं असतं तर तिने अडचणी सांगितल्या असत्या. आता ती म्हणते, ‘गुडघे दुखतात. आईलाही शुगर होती.’ बदलाचं कारण तिच्याच तोंडून आलं. सल्ला द्यायचा तर आधी परवानगी घ्यायची आणि पहिलं पाऊल तिनेच ठरवायचं. दिवसाच्या चार चहांपैकी दोन बिनसाखरेचे, एवढंही चालतं.

याने वजन खरंच उतरतं का?

थोडंसं. 2011 मधल्या एका संशोधन आढाव्यात अशा समुपदेशनामुळे सरासरी सुमारे दीड किलो जास्त वजन घटल्याचं दिसलं. 2022 मधला आढावा मात्र सावध करतो: आहार-व्यायामाचा चांगला कार्यक्रम आधीच सुरू असेल, तर ही पद्धत जोडून वजनात वेगळा फायदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे हा जादूचा उपाय नाही. पण आपल्याकडे बहुतेकांना असा कार्यक्रम मिळतच नाही, मिळतो तो फक्त उपदेश. 2017 मधल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी 2 मिनिटांच्या आसपास वेळ देतात, असं दिसलं होतं. एवढ्या वेळात चिठ्ठी लिहून होते, संवाद होत नाही.

म्हणून प्रश्न धोरणाचाही आहे. डॉक्टरांकडे वेळ नसेल, तर हे काम प्रशिक्षित आहारतज्ज्ञ, परिचारिका किंवा आरोग्य केंद्रातले समुपदेशक करू शकतात. त्यासाठी पदं भरावी लागतील, प्रशिक्षण द्यावं लागेल. नाहीतर महागडं इंजेक्शन परवडणारे ते घेतील आणि बाकीच्यांच्या वाट्याला ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढंच येईल.