रंगाआधीची भिंत
दसरा-दिवाळी तोंडावर आली की रंगाऱ्यांची शोधाशोध सुरू होते आणि घरोघरी पहिला प्रश्न असतो, चौरस फुटाला किती? माझं म्हणणं, आधी भिंतीवर हात फिरवून पाहा. आमच्याकडे खिडकीखाली पोपडे सुटले होते. पाहायला आलेल्या रंगाऱ्याने नखाने एक पोपडा उचलला, आतलं ओलसर प्लास्टर दाबून दाखवलं आणि म्हणाला, "काका, आधी बाहेरची भेग बुजवून घ्या, भिंत वाळू द्या, मग मला बोलवा." हातातलं काम त्याने पुढे ढकललं, म्हणूनच ते मी त्यालाच दिलं. खरवडणं, पुट्टी भरणं, पॉलिश पेपरने घासणं, प्रायमर लावणं, खरे दिवस यातच जातात; रंगाचे दोन हात सगळ्यात शेवटी. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीचा जुना रंग घासला जात असेल तेव्हा लहान मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवा. आणि बाहेरच्या भिंतीसाठी परांचीवर किंवा झुल्यावर चढणाऱ्या माणसाच्या अंगात सेफ्टी बेल्ट आहे का, त्याचा दोर वर पक्का बांधलाय का, हे स्वतः जाऊन बघा. नसेल, तर काम सुरू करू देऊ नका.